लिनोलियमचे ठिगळ

लिनोलियमच्या जन्माची नोंद लंडनच्या पेटंट कचेरीच्या दप्तरात १८६३ या वर्षाखाली सापडते. त्याच्या नावावर हक्क कोणाचा, या तंट्याचा निकाल न्यायालयाच्या निवाड्यांत सापडतो. आणि त्याच्या व्यापारावर ज्या घराण्यांनी अपार संपत्ती मिळवली त्यांची नावे उद्यानांवर आणि स्मारकांवर कोरलेली आढळतात. हे आच्छादन घरोघर इतकी वर्षे टिकले कसे, याचे उत्तर मात्र या दप्तरांत मिळत नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमधील स्वयंपाकघरांत, जिन्यांवर आणि अरुंद बोळांत जवळजवळ शंभर वर्षे ते अंथरले गेले. या काळात ते धुतले गेले, मेणाने घासले गेले, निखाऱ्यांनी पोळले, ओलाव्याने फुगले, उंबरठ्यापाशी झिजून फाटले, आणि प्रत्येक वेळी त्या त्या घरातल्या माणसाने गुडघे टेकून ते पुन्हा सांधले. लिनोलियमचा इतिहास कारखानदारांचा आहे तितकाच या सांधणाऱ्यांचाही आहे. हे सांधणे त्यांच्या हाती होते, याचे कारण त्यांच्या काटकसरीत जितके होते त्याहून अधिक त्या वस्तूच्या घडणीत होते, असे माझे मत आहे; आणि ते पटवून देण्यासाठी प्रथम ती घडण कशी झाली हे पाहिले पाहिजे.

विलायतेतील सामान्य घराची जमीन म्हणजे तुळयांवर ठोकलेल्या लाकडी फळ्या. या फळ्या वाळून आकसल्या की त्यांच्या फटींतून वारा वर येई, धूळ खाली साचे आणि सांडलेले पाणी कोठे मुरले हे कळत नसे. श्रीमंतांनी या फळ्यांवर लोकरीचे गालिचे घातले; ज्यांना ते परवडत नव्हते, अथवा ज्या जागी पाणी आणि चिखल यांमुळे गालिचा घालणे शहाणपणाचे नव्हते, त्यांच्यासाठी अठराव्या शतकापासून रंगवलेले मेणकापड प्रचारात आले. १७६३ मध्ये नेथन स्मिथ याने लंडनजवळच्या नाइट्सब्रिज येथे अशा कापडाचे पेटंट घेतले. आणि १८४७ मध्ये मायकेल नेअर्न याने स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील किर्कॉल्डी या गावी त्याचा एवढा प्रचंड कारखाना उभारला की गावकऱ्यांनी त्या इमारतीला ‘नेअर्नचा मूर्खपणा’ असे नाव ठेवले. गावकऱ्यांचा अंदाज चुकला आणि कारखाना भरभराटीस आला. जाड कॅनव्हास उंच चौकटींवर ताणायचा, त्यावर तेलरंगाचे एकावर एक असे कित्येक थर चढवायचे, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचे, आणि शेवटी लाकडी ठशांनी नक्षी छापायची, असा हा महिनोन्‌महिने चालणारा उद्योग होता. परंतु इतक्या श्रमांनंतरही जे हाती येई ते रंग फासलेले कापडच. पायाखाली रंग झिजला किंवा घडीवर त्याला भेग गेली की आतले सूत उघडे पडे, आणि त्यावर पुन्हा रंग लावणे याखेरीज दुसरा उपाय नसे. सांधण्याजोगे अंगच त्या वस्तूला नव्हते.

१८४४ मध्ये एलायजा गॅलोवे याने रबर आणि बुचाची भुकटी यांच्या मिश्रणाचे ‘कॅम्प्ट्युलिकॉन’ नावाचे आच्छादन काढले. ते मऊ होते, पाय न वाजणारे होते, आणि पार्लमेंटच्या नव्या इमारतीतही ते घातले गेले. पण रबराचे भाव चढू लागले तशी त्याची किफायत संपली. बुचाला अंग देणारे, रबराहून स्वस्त असे एखादे बंधक द्रव्य सापडले तर बाजारपेठ आयती तयार होती. आणि ते द्रव्य सापडले ते फ्रेडरिक वॉल्टन या विशीतल्या तरुणाला, रंगाच्या एका उघड्या डब्यात.

दुधावर साय धरावी तशी जवसाच्या तेलाच्या रंगावर हवेच्या संपर्काने एक चिवट साल धरते, हे रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ती साल काढून फेकून द्यायची एवढाच तिचा उपयोग ते जाणत. १८५५ च्या सुमारास वॉल्टनने ती साल हातात घेऊन ताणून पाहिली आणि तिच्यात रबराचे गुण आहेत हे ओळखले. तेलाचे असे घनीकरण मुद्दाम आणि मोठ्या प्रमाणावर घडवून आणण्याची सनद, म्हणजे पेटंट, त्याने १८६० मध्ये मिळवली, त्या घनतेलात राळ आणि बुचाची भुकटी मिसळून ते कापडावर दाबून बसवण्याची सनद १८६३ मध्ये घेतली, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या पश्चिमेस स्टेन्स येथे लिनोलियमचा पहिला मोठा कारखाना उभा राहिला.

या कारखान्यातील कृती अत्यंत संथ होती. उंच कोठारांच्या छतापासून विरळ विणीचे सुती कापड उभे टांगलेले असे. आतील हवा ऊबदार ठेवलेली असे. आणि त्या कापडांवरून जवसाचे तेल वारंवार ओघळवले जाई. प्रत्येक वेळी तेलाचा एक पातळ पापुद्रा कापडाला चिकटून राही आणि हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होई. मग त्यावर दुसरा, मग तिसरा, असे होता होता काही आठवड्यांनी, प्रसंगी महिन्यांनी, सुमारे अर्धा इंच किंवा त्याहून जाड अशी पिवळसर, रबरासारखी साल तयार होई. ही साल उतरवून दळायची, पाइनची राळ आणि न्यूझीलंडमधील कौरी वृक्षांची जमिनीतून खणून काढलेली राळ यांच्याबरोबर वितळवायची, काही काळ मुरू द्यायची, नंतर तिच्यात बुचाचा किंवा लाकडाचा बारीक भुसा आणि रंगद्रव्ये मळायची, आणि तो लगदा तप्त रुळांखाली तागाच्या कापडावर लाटायचा. एवढ्यानेही माल तयार होत नसे. ते लांबच लांब पट्टे पुन्हा उष्ण खोल्यांत कित्येक दिवस टांगून पक्के करावे लागत. थोडक्यात, लिनोलियम वेळ देऊन आणि हवा देऊन पिकवले जात असे. आणि हे पिकणे कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नसे. घरात अंथरल्यावरही तेलाचे प्राणवायूशी चाललेले देणेघेणे मंदपणे चालूच राही, त्यामुळे ते वर्षागणिक अधिक कठीण होत जाई आणि फार वृद्ध झाले की ठिसूळही होई. दुरुस्ती करणाऱ्याला पुढे जे जे अनुभव येत त्यांतील पुष्कळांचे मूळ या एका गोष्टीत होते.

ही सामग्री कोठून कोठून येई ते पाहिले म्हणजे इंग्लंडमधील एखाद्या मजुराच्या स्वयंपाकघराची जमीन किती देशांशी जोडलेली होती याची कल्पना येते. बूच पोर्तुगाल आणि स्पेनचे, राळ अमेरिकेची आणि न्यूझीलंडची, ताग बंगालचा, आणि जवस रशियाचे, पुढे अर्जेंटिनाचे, आणि मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानचे. युरोपात हे झाड धाग्यासाठीही लावले जाई. आपल्याकडे मात्र ते जवळजवळ केवळ बियांसाठी पेरले गेले. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीत हे रब्बीचे पीक जुनेच होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि जे जवस पूर्वी गावच्या घाण्यात जाई किंवा चटणीसाठी खलबत्त्यात कुटले जाई, ते पोत्यांनी भरून मुंबई बंदरातून बाहेर पडू लागले. लंडनच्या तेलबियांच्या बाजारात या मालाला ‘बॉम्बे’ याच नावाने स्वतंत्र भाव होता. या सर्व जवसाचे लिनोलियमच झाले असे नव्हे. रंग, रोगण आणि छपाईची शाई यांचाही त्यावर हक्क होता. पण त्याचा एक भाग स्टेन्सच्या आणि किर्कॉल्डीच्या कोठारांत कापडावरून ओघळला असलाच पाहिजे. ज्या शेतकऱ्याने ते पीक काढले त्याच्या घरची जमीन शेणाने सारवलेली होती, आणि ती उखणली की त्याच मातीने आणि त्याच शेणाने त्याच्या घरची बाई ती पुन्हा सारखी करी. दोन्हीकडे दुरुस्तीचे साहित्य मूळ जमिनीच्याच जातीचे असे, हे साम्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वॉल्टनच्या सनदेची मुदत चौदा वर्षांची होती. ती संपताच किर्कॉल्डीच्या नेअर्न कंपनीने लिनोलियम या नावानेच माल विकायला आरंभ केला. वॉल्टनच्या कंपनीने नावाच्या मालकीबद्दल फिर्याद केली. परंतु १८७८ मध्ये न्यायमूर्ती फ्राय यांनी असा निर्णय दिला की सनदेच्या काळात वस्तूला दुसरे नावच नव्हते, म्हणून हे नाव कंपनीचे नसून वस्तूचे आहे, आणि सनद संपल्यावर ते सर्वांना मोकळे आहे. या निकालाने मक्तेदारी मोडली. किर्कॉल्डीत एकामागून एक कारखाने निघाले. जवसाच्या तेलाचा उग्र वास त्या गावाची ओळख होऊन बसला. इतका, की रेल्वेने गावाकडे येणाऱ्या एका लहान मुलाच्या तोंडी या वासाचा उल्लेख घालणारी मेरी कॅम्बेल स्मिथ यांची कविता स्कॉटलंडमध्ये सर्वतोमुखी झाली. इंग्लंडमधील लँकॅस्टर येथे जेम्स विल्यम्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड अ‍ॅश्टन, यांनी याच व्यवसायावर एवढी संपत्ती मिळवली की १९०९ मध्ये पूर्ण झालेले त्यांचे घुमटाकार कौटुंबिक स्मारक आजही त्या नगरावर उभे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड बेटावर कारखान्याभोवती वसलेल्या वस्तीचे नावच लिनोलियमव्हिल पडले. कारखान्याचे दिवस भरत आले तेव्हा रहिवाशांनी मत देऊन ते बदलून टाकले.

आता दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक भेद सांगितला पाहिजे. आरंभीचे लिनोलियम एकरंगी असे, किंवा त्याच्या पृष्ठावर तेलरंगाने नक्षी छापलेली असे. ही छापील नक्षी पायाखाली झिजून जाई आणि खालचा तपकिरी लगदा वर दिसू लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत वॉल्टनने आणि इतरांनी वेगवेगळ्या रंगांचे लगदे नक्षीबरहुकूम शेजारी शेजारी मांडून तागाच्या कापडापर्यंत एकजीव दाबण्याची यंत्रे सिद्ध केली. अशा जडावाच्या लिनोलियमात रंग वरवरचा नसून पोटापर्यंत गेलेला असे. ते महाग होते, पण वीस-तीस वर्षे झिजूनही त्याची नक्षी तीच राही. आणि त्याचा एखादा भाग खरवडला तर निघणारा भुगाही मूळच्याच रंगाचा असे. या शेवटच्या गुणाचा विचार यंत्र बनवणाऱ्यांनी कदाचित केला नसेल; गृहिणींनी तो केला.

लिनोलियमच्या घरगुती दुरुस्तीची रीत रुजण्यास त्या काळची भाडेपद्धतीही कारण झाली. कारखान्यांच्या गावांत बहुतेक कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहत. फळ्यांची जमीन घरमालकाची, पण तिच्यावरचे आच्छादन भाडेकरूच्या मालकीचे, असा सर्वसाधारण प्रघात होता. बिऱ्हाड हलले की लिनोलियम खिळे काढून गुंडाळायचे, गाडीवर घालायचे, आणि नव्या खोलीच्या मापाने कापून पुन्हा अंथरायचे. जुनी खोली लांबट आणि नवी चौरस असली की कोठे तुकडा उरे, कोठे कमी पडे. उरलेला तुकडा जपून ठेवला जाई आणि कमी पडलेल्या जागी जोड दिला जाई. समोरच्या खोलीत नवे आले की जुन्याची रवानगी स्वयंपाकघरात, तेथून मोरीच्या जागेत, आणि शेवटी कोळशाच्या कोठीत होई. म्हणजे कापणे, जोडणे आणि ठिगळ लावणे हे अपघाताच्या वेळचे संकटकार्य नव्हते. ते या वस्तूच्या नित्य व्यवहाराचाच भाग होते.

या व्यवहाराचे काही नियम सर्वत्र पाळले जात. थंडीच्या दिवसांत दुकानातून आलेली गुंडाळी तत्काळ उलगडायची नाही, कारण गारठलेले लिनोलियम काचेसारखे तडकते. ती एक-दोन दिवस उबदार खोलीत उभी करून ठेवायची. अंथरल्यावर लगेच खिळे मारायचे नाहीत, कारण पायांखाली आणि खोलीतील हवेत ते किंचित पसरते. कडा एकमेकांवर चढवून काही आठवडे तसेच मोकळे सोडायचे, आणि पसरायचे ते पसरून झाल्यावर कडा कापून भिडवायच्या. ज्यांनी ही सबुरी दाखवली नाही त्यांच्या जमिनीवर पहिल्याच वर्षी फुगवटे येत. खाली जुनी वर्तमानपत्रे किंवा जाड नमद्यासारखा कागद घालायचा, म्हणजे फळ्यांच्या कडा वर उमटत नाहीत. आणि सर्वांत मोठा नियम असा की धुण्याचा सोडा आणि कडक साबण त्याला लावायचा नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि वाळल्यावर मेण. यामागे रसायनशास्त्र आहे. ज्या घनतेलाने हे सर्व बांधलेले आहे त्याला क्षार खाऊन टाकतात; क्षारांनी धुतलेले लिनोलियम आधी निस्तेज होते, मग खरबरीत होते, आणि शेवटी त्याचा बंध सुटून बुचाचा भुसा उघडा पडतो. दुसरा शत्रू खालून येई. दगडी किंवा काँक्रीटच्या ओलसर जमिनीवर ते अंथरले की पाठीचे तागाचे कापड कुजे, आणि वरचा थर कितीही धडधाकट असला तरी आधार गेल्यामुळे तो पायाखाली तुटे. अशा जागी ठिगळाचा उपयोग नव्हता. जमिनीचा ओलावा काढणे हीच दुरुस्ती.

ठिगळ लावण्याची जी रीत सर्वमान्य झाली ती तिच्या साधेपणामुळे कौतुकास्पद आहे. भोक पडलेल्या जागेचे माप घेऊन तेवढा तुकडा कापावा, असे नवख्याला वाटते. पण असा वेगळा कापलेला तुकडा कधीच नेमका बसत नाही. जाणते लोक उलट करीत. जपून ठेवलेला तुकडा फाटलेल्या जागेवर ठेवायचा, नक्षीच्या रेघा खालच्या रेघांशी तंतोतंत जुळवायच्या, चार बारीक खिळ्यांनी तो स्थिर करायचा, आणि बाकदार पात्याच्या धारदार सुरीने, पोलादी पट्टीच्या आधाराने, वरचा आणि खालचा असे दोन्ही थर एकाच रेघेत कापायचे. वरचा तुकडा उचलला, खालचा खराब भाग काढला, की राहिलेल्या खिडकीत नवा तुकडा आपोआप बसे, कारण दोघांनाही एकाच पात्याने आकार दिलेला असे. कापण्याची रेघ शक्यतो नक्षीतल्या रेघेवरूनच न्यायची, म्हणजे सांधा नक्षीत लपून जातो. खालची जमीन खरवडून स्वच्छ करायची, पाठीला लिनोलियमची खळ लावायची, पण कडेच्या अंगुळभर पट्टीत ही पाण्यात विरघळणारी खळ न घालता चपडीचा पाण्याला दाद न देणारा लेप द्यायचा, कारण फरशी पुसताना पाणी शिरते ते सांध्यातूनच. त्यावर जड वजन ठेवून एक दिवस कोणाला त्या बाजूने जाऊ द्यायचे नाही, एवढे केले की काम झाले.

ठिगळ प्रथम वेगळे दिसे. यातही एक बारकावा होता. अंधाऱ्या कपाटात राहिलेल्या लिनोलियमवर पिवळसर झाक चढते, आणि जमिनीवरचे लिनोलियम तर उजेडात राहून निवळलेले असते. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांना दुकानदाराने वेगळाच माल दिला असे वाटे. वस्तुतः प्रकाशात काही दिवस गेले की ती पिवळी झाक आपोआप उतरते आणि ठिगळ आजूबाजूच्या रंगाच्या बरेच जवळ येते. त्यामुळे जाणती माणसे तुकडा वापरण्यापूर्वी काही दिवस खिडकीपाशी उन्हात ठेवीत.

लहान भोकाला आणि चरांना ठिगळ लागत नसे. जपलेल्या तुकड्याची कड किसणीने किंवा कानशीने घासून भुगा पाडायचा, तो चपडीत किंवा घट्ट रोगणात कालवून त्याचे लुकण करायचे, ते भोकात किंचित उंच राहील इतके दाबून भरायचे, पूर्ण वाळल्यावर काचकागदाने घासून सपाट करायचे आणि वर मेण लावायचे. या कृतीकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. भुसा, राळेसारखे बंधक, वाळण्यासाठी द्यायचा वेळ: स्टेन्सच्या कारखान्यात ज्या क्रमाने लिनोलियम घडे, त्याच क्रमाची ही छोटी आवृत्ती स्वयंपाकघराच्या टेबलावर एका जुन्या बशीत होत असे. छापील नक्षीच्या स्वस्त मालाला हा उपाय नीटसा लागू पडत नसे, कारण त्याच्या भुग्यात नक्षीचे रंग नसत. जडावाच्या मालात मात्र भरलेली जागा शोधून काढावी लागे.

सिगारेटीने किंवा चुलीतून उडालेल्या निखाऱ्याने पडलेला डाग बहुधा वरवरचा असे. बारीक पोलादी तारांच्या बोळ्याने जळकी पुटी घासून काढायची, जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब चोळायचे, आणि मेण लावायचे, की डाग जाई. येथे मात्र एक धोका होता आणि आजही आहे: जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण करते, आणि तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून अशा चिंध्या पसरून उघड्यावर वाळवाव्या लागतात. ज्या गुणाने ते तेल घट्ट होऊन लिनोलियम होते, त्याच गुणाचा हा उग्र अवतार होय. फुगवट्यासाठी इस्त्री कामी येई. फुग्याच्या मधोमध, नक्षीच्या रेघेवर, सुरीने एक चीर द्यायची, पातळ पात्याने आत खळ सारायची, वर दुमडलेले कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, आणि उबेने मऊ झालेला भाग सपाट दाबून वजनाखाली ठेवायचा. चीर दिल्यावर कडा एकमेकींवर चढल्या तर जास्तीची कोर तेवढी कापून टाकायची. कोणत्याही सुताराला बोलावण्याची गरज नसलेले हे काम रविवारच्या दुपारी उरकले जात असे.

उरलेल्या तुकड्यांना आणखी एक वाट फुटली. मऊ आणि लाकडाच्या रेषांसारखे कोरणीला आडवे न येणारे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचे चित्रशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी मुलांच्या हाती लिनोलियमचे तुकडे आणि कोरण्या दिल्या, आणि तेथून ठशांची ही कला जगभर पसरली. आपल्याकडे १९३० मध्ये नंदलाल बोस यांनी हाती काठी घेऊन दांडीकडे निघालेल्या गांधीजींचे जे सुप्रसिद्ध चित्र केले, तो लिनोलियमवर कोरलेलाच ठसा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दुरुस्तीच्या या व्यवस्थेला पहिला तडा गेला. अमेरिकेत डांबरात बुडवलेल्या नमद्यावर रंगीत नक्षी छापून ती अत्यंत स्वस्त भावाने विकली जाऊ लागली. ‘काँगोलियम’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. दिसायला ते लिनोलियमच, पण त्याला पोट नव्हते. रंगाचा पापुद्रा गेला की काळे डांबर वर येई, आणि त्याचा भुगा करून भोक भरणे अशक्य होते. हे आच्छादन फाटले की बदलायचे, असाच त्याचा हिशेब होता, आणि किंमतही त्याच हिशेबाने ठरवलेली होती. मग १९३३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात व्हायनिल आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांच्या मिश्रणाच्या फरश्या मांडल्या गेल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर व्हायनिलने बाजार काबीज केला. त्याला सोड्याचे भय नव्हते, मेणाची गरज नव्हती, रंग झगझगीत होते. ज्या स्त्रीने आयुष्यभर दर शनिवारी गुडघ्यांवर बसून जमीन मेणाने घासली होती तिने या सोयीचे स्वागत केले यात नवल नाही, आणि तिला दोष देणे हा शुद्ध कृतघ्नपणा ठरेल. अमेरिकेतील आर्मस्ट्राँग कंपनीने १९७४ मध्ये लिनोलियम बनवणे थांबवले. स्टेन्सचा कारखानाही त्याच दशकात मिटला आणि त्याच्या जागेवर दुकाने उभी राहिली. त्या गावच्या हमरस्त्यावर आता लिनोलियमचा गठ्ठा वाहणाऱ्या दोन कामगारांचा ब्राँझचा पुतळा आहे.

व्हायनिलच्या त्या युगाने दुरुस्ती करणाऱ्याच्या मार्गात एक खरा अडथळाही ठेवला. त्या काळच्या पुष्कळ फरश्यांत, काही आच्छादनांच्या पाठीच्या कागदात आणि त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी चिकटद्रव्यात अ‍ॅस्बेस्टॉस होते. खऱ्या लिनोलियमच्या घडणीत ते नसते. पण जुन्या घरात एकावर एक थर चढलेले असतात आणि कोणता कोणता हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. म्हणून अशा घरातील जमीन खरवडण्यापूर्वी किंवा काचकागदाने घासण्यापूर्वी तिची तपासणी करून घेणे हा आजचा पहिला नियम आहे, आणि तपासणीपर्यंत तिला हात न लावणे हा दुसरा. आपल्या आजीने जे बेधडक केले ते नातीला तपासणी करून घेतल्याशिवाय करता येऊ नये, हा काळाचा महिमा होय.

लिनोलियम मात्र नाहीसे झाले नाही. तेल, बूच, राळ आणि ताग यांपासून बनणारी ही वस्तू शेवटी मातीत मिसळून जाते, या गुणाची किंमत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लोकांना पुन्हा कळू लागली. किर्कॉल्डीत ती आजही बनते, हॉलंडमध्ये आणि इटलीतही बनते, आणि शाळा-रुग्णालयांच्या लांब बोळांत तिला मागणी आहे. पण या पुनरागमनात एक गोष्ट परत आलेली नाही. आजच्या लिनोलियमच्या पट्ट्यांचे सांधे तप्त हवेच्या हत्याराने रंगीत दोरा वितळवून जोडले जातात, पृष्ठावर कारखान्यातच कृत्रिम रोगणाचा थर दिलेला असतो, आणि संपूर्ण पाठ जमिनीला पक्की चिकटवलेली असते. त्यामुळे सांध्यात पाणी शिरत नाही आणि मेणाचे कष्ट वाचतात, हे खरे. परंतु भोक पडले तर शिकलेला कारागीर त्याच्या हत्यारांसह बोलवावा लागतो. घडण जुनीच राहिली आणि ती बसवण्याची रीत बदलली, एवढ्याने घरातल्या माणसाचा तिच्यावरचा अंमल संपला.

यावरून दुरुस्तीच्या चालीविषयी एक अनुमान काढता येते. जुन्या पिढीला काटकसर ठाऊक होती आणि आजच्यांना ती नाही, असा जो सोपा निवाडा आपण देतो तो अपुरा आहे. लिनोलियमच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: वस्तूचे अंग वरपासून खालपर्यंत एकाच जातीचे होते, ते सांधण्याचे साहित्य कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होते, आणि ते मोकळे अंथरलेले असल्याने उचलून पाहता येत होते. यांतली एकेक गोष्ट निघून गेली तसतशी चाल मोडत गेली. म्हणून आज कोणी जुन्या घरातील लिनोलियम राखू इच्छीत असेल तर त्याने काटकसरीचे व्रत घेण्याआधी दोनच गोष्टी कराव्यात: आपल्या पायाखाली नेमके काय आहे ते जाणून घ्यावे, आणि नवे अंथरताना उरलेला तुकडा, कितीही लहान असला तरी, टाकून देऊ नये.